भेटवस्तूवरचं मुलांचं चित्र आणि त्याखालचं नाव: थोडी पार्श्वभूमी

भूकंप, पूर, वादळ काहीही झालं की थोड्याच दिवसांत मुलांनी काढलेल्या चित्रांची ग्रीटिंग कार्डं, कॅलेंडरं, कापडी पिशव्या, चहाचे मग असं सगळं विक्रीला येतं आणि त्याचे पैसे आपद्ग्रस्त कुटुंबांना जातात, हे आता सगळ्यांनी पाहिलंय. ही पद्धत कुठून आली आणि चित्राखाली मुलाचं नाव छापावं की नाही यावरून एवढी वादावादी का होते, तेवढंच इथे सांगतो.

सुरुवात युद्धातून झाली. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात पोरांचे खायचे हाल होते, तिथल्या एका चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांची चित्रं १९२० नंतर ब्रिटनमध्ये गावोगाव प्रदर्शनातून फिरली, त्यांची पोस्टकार्डं विकली गेली आणि पैसे मुलांच्या मदतनिधीत गेले. मग स्पेनचं यादवी युद्ध. घरापासून लांब वसतिगृहांत ठेवलेल्या मुलांची चित्रं १९३८ मध्ये अमेरिकेत मांडली, मदतीसाठी पुस्तकही निघालं. त्या चित्रांत विमानं आहेत, बॉम्ब पडताहेत, माणसं पळताहेत. बऱ्याच कागदांवर मुलाचं नाव, वय, ठिकाण सगळं लिहिलेलं आहे, तेव्हा तशीच पद्धत होती.

सगळे ज्याचा दाखला देतात ते कार्ड मात्र १९४९ चं. युद्धात होरपळलेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावात मुलांसाठी दूध आणि औषधं पोचली, तर ७ वर्षांच्या एका मुलीने आभार म्हणून चित्र काढलं, कागद मिळेना म्हणून काचेवर. ऊन पडलंय आणि मुली खांबाभोवती फेर धरून नाचताहेत. शिक्षकांनी ते मदत पाठवणाऱ्या संस्थेच्या प्रागच्या ऑफिसला दिलं, त्याचं कार्ड झालं. पुढे काही वर्षांतच नावाजलेल्या चित्रकारांची चित्रं कार्डांवर यायला लागली, विक्री जगभर पसरली, आणि ती सुरुवातीची गोष्ट तशी मागे पडली. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की ते चित्र कुणी मागितलं नव्हतं. तिने आपणहून दिलं होतं. आता आपण चित्रं मागतो, आणि सगळा गुंता तिथून सुरू होतो.

खरा बदल २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आला. मदत छावणीत मुलांना खडू-कागद द्यायचे ते त्यांचं मन मोकळं व्हावं म्हणून, विकायला नाही, पण चित्रं इतकी बोलकी असतात की बघणाऱ्याला हे जगाला दाखवावंसं वाटतंच आणि मग दाखवण्यातून विकण्याकडे जायला वेळ लागत नाही. त्याच वेळी आई-बाप गमावलेल्या मुलांना कुणी पळवून नेईल अशी मोठी भीती होती, म्हणून इंडोनेशियाच्या सरकारने आचे प्रांतातल्या १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय बाहेर न्यायला निर्बंध घातले. मूल एकटं आहे आणि अमुक गावात आहे हे छापून सगळीकडे वाटणं किती धोक्याचं आहे, हे तेव्हा ठळकपणे समोर आलं.

पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ झालं. लुइझियानातल्या तात्पुरत्या वस्तीतल्या मुलांची चित्रं २००७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संग्रहालयात लागली. घर काढ म्हटलं की मूल चौकोन आणि त्यावर त्रिकोण काढतं ना, तर यातली काही मुलं नुसता त्रिकोण काढायची, कारण पाण्याच्या वर छपरंच तेवढी उरलेली त्यांनी पाहिली होती. असा त्रिकोण संग्रहालयात लागतो, मगवर कुणी छापत नाही. भेट म्हणून द्यायचं तर फुलं, सूर्य, इंद्रधनुष्य लागतं, म्हणजे निवड करतानाच मुलाचं निम्मं म्हणणं गळून जातं.

आता नावाचा वाद. नाव नको म्हणणारे १९८९ च्या बालहक्क कराराकडे बोट दाखवतात, त्यात मुलाच्या खासगीपणाचं रक्षण आहे, आणि त्यांचं हेही म्हणणं रास्त आहे की मूल मोठं होऊन नोकरी शोधायला लागलं तरी नेटवर त्याच्या नावापुढे तीच आपत्ती दिसत राहील. नाव हवं म्हणणाऱ्यांचा मुद्दाही तेवढाच दमदार. चित्रकाराला आपल्या चित्रावर आपलं नाव असण्याचा हक्क बर्न करारात, म्हणजे लेखक-कलावंतांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ पासून आहे आणि त्यात वयाची अट नाही. मोठ्या चित्रकाराचं नाव पहिल्या ओळीत आणि मुलाचं चित्र म्हणजे "एका आपद्ग्रस्त बालकाने काढलेले", हे बरोबर नाही. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली तेव्हा ११ वर्षांच्या एका मुलीने पक्ष्यांची चित्रं काढून देणगीदारांना पाठवली, दीड लाख डॉलरच्या वर पैसे जमले, तिचं नाव सगळीकडे झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण मदत करणाऱ्या मुलाला नाव आणि ज्याचं घर गेलं त्याला नाही, असं का?

यातून मधला मार्ग म्हणून फक्त पहिलं नाव, वय आणि गाव छापायची पद्धत पडली. मला ती सगळ्यात वाईट वाटते. लहान गावात पहिल्या नावावरून आणि वयावरून मूल कुणाचं ते पोरंटोरंही सांगतील, म्हणजे लपलं तर काहीच नाही आणि वर अर्धं नाव गेलं. माझ्या मते नुसत्या नावाने घात होत नाही, नाव, ठिकाण आणि दुर्दैव ही तिन्ही एकाच ओळीत आली की होतो. गाव काढा, घर वाहून गेल्याची कहाणी काढा, आणि मुलाला हवं असेल तर नाव राहू द्या, टोपणनाव हवं असेल तर ते.

परवानगीचंही तसंच आहे. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या आईपुढे फॉर्म धरला तर ती नाही कशी म्हणेल? म्हणून सही छावणीत घेऊ नये, घर थोडं मार्गी लागल्यावर घ्यावी, मूळ कागद मुलाला परत द्यावा, आणि चित्राचे हक्क पालकांच्या सहीने कायमचे लिहून घेऊ नयेत.

हा शेवटचा मुद्दा डिजिटल छपाईमुळे जास्त महत्त्वाचा झालाय. पूर्वी ऑफसेटवर हजारोंचा गठ्ठा छापायचा, तो संपला की कार्ड संपलं. आता ऑर्डर येईल तशी एकेक प्रत निघते, त्यामुळे माल पडून राहत नाही आणि कमी खपाच्या चित्रालाही जागा मिळते हे चांगलंच आहे, पण फाइल तशीच राहते आणि ती आपत्ती लोक विसरले तरी विक्री चालू राहू शकते. त्यामुळे फॉर्मवर मुदत हवी, एक किंवा दोन वर्षं, आणि मुदत संपली की पुन्हा विचारायचं, तेही आधी त्या मुलाला.