दिवा लागला, पण पुढची चाकं ढिम्म

मागच्या दसऱ्याच्या आठवड्यातली गोष्ट आहे. परतीचा पाऊस झोडपून गेलेला, दाजींची पिकअप सोयाबीनची पोती भरून मानवतला निघाली आणि शेतातून डांबरीपर्यंतची जी पाणंद आहे ना तिथंच मागची चाकं रुतली. दाजींनी रुबाबात फोर बाय फोरचं, म्हणजे चारही चाकांना जोर देणारं, बटण फिरवलं, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, आम्ही खाली उतरलेल्यांनी हुश्श केलं, आणि गाडीनं काय केलं तर मागच्याच चाकांनी अजून हातभर खड्डा पाडला. पुढची चाकं ढिम्म. शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला.

दुसऱ्या दिवशी मेस्तरीनं गाडीखाली डोकं घातलं न घातलं आणि सांगून टाकलं, ट्रान्सफर केस उतरवावा लागंल, चाळीसेक हजार धरून चला. दाजी गपकन खालीच बसले. मला मात्र एक गोष्ट खटकायली होती, दिवा तर लागला होता ना?

आता हा दिवा नेमकी कुणाची खबर देतो ते बघा. इंजिनचा जोर गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत येतो, तिथून मागच्या शाफ्टला तो कायमच जातो, फोर हाय (म्हणजे फोर बाय फोर) केलं की आतली एक कडी सरकते आणि पुढचा शाफ्ट पण मागच्याइतक्याच वेगानं फिरायला लागतो. तिथून पुढं पुढचं डिफरन्शियल (दोन्ही बाजूच्या चाकांना जोर वाटणारे गिअर), मग दोन एक्सल, मग हब, म्हणजे एक्सलला चाक जोडणारा भाग, आणि मग चाक. लग्नाच्या पंगतीत पातेली कशी हातोहात पुढं जातात तसा हा जोर जातो, मधल्या एकानं हात आखडला की शेवटचा उपाशी. आणि अशा बऱ्याच गाड्यांत दिव्याची वायर जोडलेली असते ट्रान्सफर केसवरच्या स्विचला, म्हणजे पंगतीतल्या पहिल्या माणसाला. दिवा लागला याचा अर्थ पहिल्यानं पातेलं पुढं सरकवलं एवढाच, शेवटच्या पानात भात पडला का नाही हे त्याला काय माहीत. म्हणजे तो दिवा खरं तर मेस्तरीच्या विरुद्धच साक्ष देत होता, ट्रान्सफर केसनं आपलं काम केलं होतं, गडबड त्याच्या पुढं कुठंतरी होती.

माझा संशय हबवर होता. १९४७ पासून आपल्याकडं विलीज जीप जुळवायला लागले, त्या सुरुवातीच्या जीपांत असल्या सोडता-जोडता येणाऱ्या हबची भानगड नव्हती, टू व्हीलवर चालवली तरी पुढचे एक्सल, डिफरन्शियल, शाफ्ट सगळं लटांबर चाकाबरोबर फुकट फिरायचं, इंधनही जास्त आणि झीजही जास्त. मग तसे हब आले, नको तेव्हा चाक एक्सलपासून सोडवायचं, हवं तेव्हा जोडायचं. आधी ते उतरून हातानं फिरवावे लागायचे, चिखलात गुडघाभर उभं राहून. नंतर काही गाड्यांत हे काम व्हॅक्यूमकडं आलं, दाजींची त्यातलीच.

व्हॅक्यूम ओढतो असं आपण म्हणतो पण ते खरं नाही, ढकलते बाहेरची हवा. दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाएवढा दाब ती कायम देत असते, आपल्याला जाणवत नाही कारण आतूनही तेवढाच असतो. रबरी पडद्याच्या एका बाजूची दोन तृतीयांश हवा काढून टाकली आणि पडदा २० चौरस सेंटिमीटरचा असला तर दुसऱ्या बाजूनं तेरा-चौदा किलोचा रेटा बसतो, हबची कडी सरकवायला तेवढा पुरतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळं (हवेची वाट अडवणारी झडप) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, ही पोकळी आयती मिळते, डिझेलमध्ये तशी मिळत नाही, त्यामुळं वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागं बसवलेला. आणि हाच पंप ब्रेकच्या बूस्टरलाही, म्हणजे ब्रेक दाबणं हलकं करणाऱ्या भागालाही, व्हॅक्यूम पुरवतो.

मी हे सांगत असतानाच दाजी म्हणले, "महिना झाला ब्रेक जड लागायलाय, मला वाटलं लोडमुळं." घ्या! हे आधी सांगितलं असतं तर निम्मं काम तिथंच झालं असतं.

तरीपण खात्री केली. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, पुढची दोन्ही चाकं जॅकनं उचलून नीट स्टँडवर ठेवली (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, कधीच नाही), फोर हायमध्ये टाकून, दिवा लागल्याचं बघून इंजिन बंद केलं आणि एक पुढचं चाक हातानं फिरवलं. हब जोडलेले असतील तर एक चाक पुढं फिरवलं की दुसरं उलटं फिरतं, कारण पुढचा शाफ्ट ट्रान्सफर केसमार्फत जमिनीवरच्या मागच्या चाकांशी बांधलेला, तो हलू शकत नाही, मग डिफरन्शियलचे आतले गिअर एका बाजूची गती उलटी करून दुसऱ्या बाजूला देतात. आमचं चाक मोकळंच गरागरा फिरलं, एक्सल जागच्या जागी. हबच जोडला जात नव्हता.

मग पाईप. गेजवाला हातपंप असला तर उत्तम, नसला तर जुने मेस्तरी करतात ती युक्ती, पाईपचं एक टोक बंद करायचं, दुसऱ्यातून तोंडानं हवा ओढून जीभ लावायची, जीभ चिकटून राहिली तर पाईप शाबूत. (पाईप आधी पुसून घ्या, पंपाकडून तेल येतं त्यात.) सोलेनॉईडच्या (व्हॅक्यूम चालू-बंद करणारी विजेची झडप) अलीकडचा मेन पाईप जीभ धरेना, वाकवून बघितला तर उंदरानं कुरतडलेला. पोती आणि गाडी एकाच शेडात, दुसरं काय होणार. पाईप, दोन क्लिपा, चहा धरून दोनशेच्या आत काम झालं. फक्त पाईप जाड भिंतीचा घ्या, साधा पातळ पाईप इंजिनच्या गरमीनं मऊ पडतो आणि आतली हवा काढली की चपटा होऊन बसतो.

दिवाच लागत नसेल किंवा लुकलुकत राहिला तर गोष्ट वेगळी, तिथं आधी फ्यूज, मग ट्रान्सफर केसवरच्या शिफ्ट मोटरचा (आतली कडी सरकवणारी मोटर) प्लग बघायचा. त्यात चिखलपाणी जाऊन तांबं हिरवं पडतं. इथं मल्टिमीटर फसवतो बरं का, कारण तो जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळं गंजलेल्या प्लगवरही १२ व्होल्ट दाखवतो. पण मोटर १० अँपिअर मागायला लागली आणि गंजाचा रोध अर्धा ओहम असला तर पाच व्होल्ट तिथंच खाल्ले जातात, मोटरला उरतात सात. म्हणून हेडलाईटचा जुना बल्ब लावून बघायचा, पिवळा मिणमिणला की वायरिंगमध्ये खोट आहे.

काही जण उलटीच तक्रार करतात, डांबरी रोडवर फोर बाय फोरमध्ये वळताना गाडी अडखळते म्हणून. तो बिघाड नाहीच. व्हीलबेस ३ मीटर, मागचा एक्सल ४ मीटरच्या वर्तुळावर फिरतोय, तर पुढचा किती? शाळेतला पायथागोरस, ५ मीटर. म्हणजे पावकं वळण घेताना मागची चाकं सव्वासहा मीटर चालतात आणि पुढची जवळपास पावणेआठ, पण शाफ्ट तर दोन्ही एकाच वेगाला बांधलेत. हा दीड मीटरचा फरक कुठंतरी निघायला पाहिजे, चिखलात टायर घसरून निघतो, कोरड्या डांबरावर निघत नाही आणि गिअर पिळवटतात. पुढचे टायर नवे आणि मागचे गुळगुळीत असले तर सरळ रोडवरही थोडं असंच होतं.

गाडीखाली गेलोच होतो म्हणून पुढच्या डिफरन्शियलचा बोल्ट उघडला, तर ऑईल दुधाळ, चहासारखं. पाणी गेलं होतं. पळून तापलेलं हाऊसिंग ८० अंशावर असतं, ते ओढ्याच्या थंड पाण्यात उतरून ३० वर आलं की आतल्या हवेचा दाब सातव्या हिश्श्यानं पडतो आणि बाहेरून आत ओढ बसते. ती ओढ मोकळी व्हायला ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं बारीक तोंड, असतो, पण आपली गंगाकाठची, म्हणजे गोदावरीकाठची, काळी माती म्हणजे काय सांगावं, ओली झाली की फुगते, वाळली की दगड, ब्रीदरचं तोंड तिनं पार लिंपून टाकलं होतं, मग पाणी आलं सीलमधून. ऑईल बदललं, सील बदललं, आणि ब्रीदरला लांब पाईप जोडून तो बॉनेटखाली वरपर्यंत नेऊन बांधला, तोंडाला बारीक जाळी लावून, उंदरांसाठी.