पांढरं पाकीट, लाल पाकीट

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी भाची सबमिशनच्या गडबडीत होती. आतल्या खोलीतून ती ओरडली, "मामा, चॅटजीपीटी उघडूनच नाही राहिलं! एक्सपण बंद आहे." आम्ही राऊटर बंद करून पुन्हा चालू केला, मग शेजारी विचारून आलो. तिकडेही तेच. थोड्याच वेळात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निदान आलं: बुध वक्री आहे, संपर्काची साधनं बिघडणारच.

बुध त्या दिवशी वक्री होता, हे खरं. पण पृथ्वीवरून पाहताना तो वर्षातून साधारण तीनदा, दर वेळी तीनेक आठवडे, उलटा सरकताना दिसतो. म्हणजे वर्षाचा जवळपास सहावा हिस्सा. जगातल्या दर पाच-सहा बिघाडांमागे एक त्या दिवसांत सापडणारच, त्यात ग्रहाचा काही हात नाही. आणि या बिघाडाचं कारण तर चोवीस तासांच्या आत क्लाउडफ्लेअर कंपनीने स्वतःच, कोडच्या ओळींसकट, जाहीर केलं.

ही कंपनी असंख्य संकेतस्थळांच्या दारात उभी राहून येणारा पाहुणा माणूस आहे की यंत्र, हे तपासते. या तपासणीसाठी ओळखीच्या लक्षणांची एक फाईल लागते. लक्षणं साधारण ६० असत, प्रोग्रामने जागा राखली होती २०० ची. त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्यांत बदल झाला, त्यामुळे त्याच त्या नोंदी दोनदा येऊ लागल्या, फाईल फुगली आणि २०० च्या पुढे गेली. फाईल दर पाच मिनिटांनी नव्याने बनत होती, कधी चांगली तर कधी खराब. त्यामुळे यंत्रणा मध्येच सावरायची, पुन्हा कोसळायची. सुरुवातीला इंजिनीअरांना हा कुणाचा तरी हल्ला वाटला.

फाईल वाचणाऱ्या फंक्शनने (फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला, एक ठरलेलं काम करणारा तुकडा) मात्र आपलं काम चोख केलं होतं. "एवढं मावत नाही" असं त्याने कळवलं होतं. ज्या ओळीने त्याला बोलावलं, तिच्या शेवटी एक शब्द होता: अनरॅप. त्याचा अर्थ 'उत्तर चांगलंच आलं असणार असं धरून चाल. आलं नसेल तर जागच्या जागी थांब'. प्रोग्राम थांबला.

हा प्रोग्राम रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत होता. "रस्टमध्ये लिहिलं की प्रोग्राम कोसळत नाही" अशी जाहिरात गेली काही वर्षं सगळीकडे ऐकू येते, आणि हे कारण जाहीर झाल्यावर नेमकं उलटं ओरडणारेही पुष्कळ भेटले: "पाहिलंत, कसली सुरक्षित भाषा!" मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. का, ते सांगण्यासाठी आमच्या सोसायटीच्या गणपतीकडे यावं लागेल.

भाचीने ऑगस्टमध्ये वर्गणीचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पावतीपुस्तकातल्या नोंदी जशाच्या तशा टाइप करायच्या, प्रोग्रामने बेरीज आणि घरटी माणशी वर्गणी काढायची. पहिल्याच दिवशी तो मध्येच बंद पडला. रकमेच्या रकान्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, "नंतर देतो".

मजकुराचा आकडा करणारं फंक्शन असं वचन देतं: मजकूर द्या, आकडा देतो. हे वचन खोटं आहे. "नंतर देतो"चा आकडा कुठून आणणार? तिथे जुन्या पद्धतीची भाषा एक्सेप्शन फेकते. हातातलं काम तिथेच सोडून, मधल्या सगळ्यांना ओलांडून, कुठेतरी वर कुणी झेलणारा असेल तर त्याच्या हातात पडायचं. कुणीच नसेल तर सगळा प्रोग्राम बंद. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत गेलं, ते अशाच न झेललेल्या एक्सेप्शनमुळे. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत, म्हणजे फार तर ३२,७६७ पर्यंत मावणाऱ्या जागेत, कोंबला गेला. राखीव संगणकावरही तोच प्रोग्राम होता, म्हणून तोही तसाच बंद पडला.

दुसरी पळवाट म्हणजे उत्तर नसेल तेव्हा 'काहीच नाही' असा पोकळ संदर्भ परत द्यायचा. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेत आणली. २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. होअर या लेखात पुन्हा भेटतील.

फंक्शनल भाषांचा, म्हणजे सगळा हिशेब फंक्शनं एकमेकांना जोडून मांडणाऱ्या भाषांचा, मार्ग मला फार आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. वचनच बदलायचं: मजकूर द्या, पाकीट देतो. पाकीट पांढरं असेल तर आत आकडा, लाल असेल तर आत तक्रारीची चिठ्ठी. हास्केल भाषेत याला 'आयदर' म्हणतात, रस्टमध्ये 'रिझल्ट'. आणि पाकिटात तुम्ही २५१ मिळवू शकत नाही. कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी प्रोग्राम तपासणारा तपासनीस, तिथेच अडवतो: आधी पाकीट उघडा, आणि लाल निघालं तर काय करणार तेही लिहा. प्रोग्राम एकदाही चाललेला नसताना "नंतर देतो"ची शक्यता तुमच्यासमोर येते.

पण यात एक कटकट आहे. आमच्या हिशेबात, कचेरीत असतात तशी, एकापुढे एक तीन टेबलं धरा; प्रत्येक टेबल म्हणजे एक फंक्शन. पहिलं मजकुराचा आकडा करतं. दुसरं घर क्रमांकावरून कुटुंब शोधतं; ते यादीत नसेल. तिसरं रकमेला माणसांच्या संख्येने भागतं. घर बंद असेल तर संख्या शून्य. तिन्ही टेबलं पाकीटच देतात. प्रत्येक टेबलापाशी पाकीट उघडा, रंग पाहा, लाल असेल तर हे, पांढरं असेल तर ते, असं लिहीत गेलं की मूळ हिशेब दिसेनासा होतो. भाचीचा पहिला प्रयत्न असाच झाला होता, चार पायऱ्या उजवीकडे सरकलेला.

त्यावरची युक्ती दोन ओळींची आहे. 'जोड' नावाचं एक फंक्शन करायचं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: एक पाकीट आणि पुढचं टेबल. पाकीट लाल असेल तर ते न उघडता तसंच परत करायचं. पांढरं असेल तर आतली वस्तू काढून टेबलाला द्यायची आणि टेबल जे पाकीट देईल तेच परत करायचं. झालं. आता पहिल्या टेबलाला दुसरं जोडा, त्याला तिसरं जोडा. लाल पाकीट एकदा निघालं की उरलेल्या टेबलांना हात न लावता शेवटपर्यंत पोहोचतं, आतली चिठ्ठी शाबूत. पाकिटात पाकीट अशी भानगड होत नाही, कारण टेबलाने दिलेलं पाकीट 'जोड' पुन्हा दुसऱ्या पाकिटात घालत नाही. टेबलावर बसणाऱ्याला लाल रंग असतो हेदेखील ठाऊक असायची गरज नाही. त्याच्या हातात नेहमी साधा आकडा येतो.

याहून सुंदर गोष्ट अशी की पहिली दोन टेबलं आधी एकत्र करून मग तिसरं जोडा, किंवा शेवटची दोन एकत्र करून त्यांच्याआधी पहिलं लावा, उत्तर तेच येतं. शाळेतल्या बेरजेला जो साहचर्याचा नियम लागतो, तोच इथे टेबलांना लागतो. म्हणून लांबलचक साखळीचा कुठलाही तुकडा कापून, वेगळं नाव देऊन, दुसरीकडे वापरता येतो. १९८९ मध्ये युजेनियो मोजी यांनी दाखवलं की चूक होणारी गणनं, स्मृती बदलणारी गणनं, अनेक उत्तरांची गणनं या सगळ्यांच्या तळाशी हीच रचना आहे. गणितात तिचं नाव 'मोनाड'. फिलिप वॅडलर आणि इतरांनी नव्वदच्या दशकात ती हास्केलमध्ये रुजवली. रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमल या फंक्शनल भाषेत लिहिलेला होता, तेव्हा हे संस्कार तिथेही पोहोचले. २०१६ पासून रस्टमध्ये ओळीच्या शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं की पुरतं: पांढरं असेल तर उघड, लाल असेल तर फंक्शनमधून ते घेऊन बाहेर पड.

मग हास्केलमध्ये एक्सेप्शन नाहीतच का? आहेत. शून्याने भागलं की तिथेही फेकलं जातं. प्रश्न झेलायचं कुठे हा आहे, आणि तो वाटतो त्याहून खोल आहे. समजा अ + ब ही बेरीज आहे. अ मोजताना एक एक्सेप्शन येतं, ब मोजताना दुसरं. कोणतं हाती पडेल? आधी कोण मोजलं जाईल यावर ते ठरेल. पण शुद्ध फंक्शनल भाषेत हा क्रम कंपायलरने सोयीनुसार बदलावा अशी मुभा असते, आणि अ + ब = ब + अ हे आपल्याला सोडायचं नसतं. १९९९ च्या एका शोधनिबंधात सायमन पेटन जोन्स आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: अशा बेरजेचं मूल्य म्हणजे एक एक्सेप्शन नव्हे, शक्य असलेल्या सगळ्या एक्सेप्शनांचा संच. संच दोन्हीकडून सारखाच, म्हणून समीकरण टिकतं. त्यातलं प्रत्यक्ष कोणतं आलं, हे विचारायची परवानगी फक्त प्रोग्रामच्या बाहेरच्या कडेला, जिथे क्रम ठरलेला असतो. त्या निबंधाच्या लेखकांत एक नाव टोनी होअर यांचं आहे.

हास्केलचा आळस इथे आणखी एक पेच टाकतो. ती भाषा गरज पडेपर्यंत काही मोजत नाही. तुम्ही भागाकाराभोवती झेलणारी जाळी लावली आणि आत नुसतं "हा भागाकार परत दे" लिहिलं, तर जाळीतून न मोजलेला भागाकार सुखरूप बाहेर येतो आणि छपाईच्या वेळी, जाळीबाहेर, फुटतो. म्हणून जाळीच्या आत 'इव्हॅल्युएट' सांगून तो तिथेच मोजायला लावावा लागतो. नवशिक्यांचे कितीतरी तास यात जातात.

पाकिटांनाही मर्यादा आहे. 'जोड' पहिल्या लाल पाकिटावर थांबते. पावतीपुस्तकात मात्र आम्हाला सगळ्याच चुकीच्या नोंदी एकदम हव्या होत्या. ओळी एकमेकींवर अवलंबून नसतील तेव्हा वेगळी जोडणी वापरायची, जी सगळ्या लाल चिठ्ठ्या एका गठ्ठ्यात बांधते. भाचीने ती लिहिल्यावर प्रोग्रामने सात ओळी दाखवल्या आणि खजिनदार काकांनी त्याच दिवशी सात घरी फोन केले.

क्लाउडफ्लेअरच्या त्या ओळीकडे आता पाहा. भाषेने लाल पाकीट हातात दिलं होतं, आणि कंपायलरने ते उघडायला लावलं होतं. 'अनरॅप' हीदेखील उघडण्याची एक रीत आहे, आणि ती कोडमध्ये अक्षरशः लिहिलेली असते, शोधता येते. एक्सेप्शनच्या जुन्या पद्धतीत बोलावणाऱ्या ओळीत असा शोधायला शब्दच नसतो.

दुसऱ्या दिवशी हे कारण वाचल्यावर भाचीने वर्गणीचा, रस्टमध्येच लिहिलेला, प्रोग्राम उघडून तो शब्द शोधला. अकरा ठिकाणी होता. नऊ ठिकाणी तिने प्रश्नचिन्ह टाकलं किंवा दोन्ही रंग हाताळले. दोन ठिकाणी मात्र लाल पाकीट येणं म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याचीच चूक, तिथे थांबणंच योग्य. रस्टमध्ये अशा जागी 'एक्स्पेक्ट' वापरून कारण लिहिता येतं. तिने लिहिलं: "हे नाव याच फाईलमध्ये वर दिलेलं आहे. सापडत नसेल तर वरची यादी बघ."