एनओएस की रिप्रो? पद्मिनीचे सुटे भाग घेताना

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी बंद होऊन दोन दशकं उलटली, तरी तिचे भाग आजही मिळतात. दुकानात सगळ्यालाच ‘ओरिजिनल’ म्हणतात. प्रत्यक्षात माल दोन जातींचा असतो. एनओएस म्हणजे गाडी बनत होती त्या काळातच तयार झालेला, पण कधीच गाडीला न लागता खोक्यात पडून राहिलेला भाग. रिप्रो म्हणजे जुन्या नमुन्यावरून आत्ता बनवलेला. दोन्ही कोरेच, म्हणून गल्लत होते.

एनओएसला दाम जास्त, त्यामुळे तो सरसकट चांगला असं बरेच जण धरून चालतात. मला हे पटत नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत तर अजिबात नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. तेलाचा दाब पेलतात व्हील सिलिंडरमधल्या छोट्या रबरी वाट्या. रबर न वापरताही म्हातारं होतं. पंचवीस वर्षं खोक्यात पडलेली वाटी वरून काळी कुळकुळीत दिसते. तिची कड बोटांत दुमडून ताणा, बारीक चिरा उघड्या पडतात. अशी वाटी कितीही अस्सल असली तरी गाडीत घालू नये. होजपाइप, ऑइल सील, इंजिन माउंटिंग यांचंही तेच. तिथे चांगल्या बनावटीचा नवाच भाग घ्यावा.

ग्रिल, दिव्यांच्या रिंगा, दरवाज्याची हँडलं, नावाची पट्टी यांच्यासाठी मात्र एनओएस मिळेपर्यंत खुशाल थांबावं. जुन्या भागावरूनच साचा काढून ओतकाम केलं की धातू थंड होताना आकसतो. नवा भाग मुळापेक्षा किंचित लहान होतो, स्क्रूची भोकं जुळत नाहीत, अक्षरांच्या कडा बोथट येतात. मग फिटर कानस घेऊन बसतो, आणि पत्र्याचा रंग जातो तो वेगळाच.

खोक्यावर विसंबू नका, खोकी छापून मिळतात. भाग उलटा करून बघा. मागे स्क्रूचे ओरखडे किंवा भोकाभोवती जुन्या रंगाचा थर दिसला, तर तो वापरलेला भाग नवं क्रोम चढवून कोरा म्हणून विकायला ठेवलाय. गाडीचा जुना भाग, मोडका का असेना, सोबत न्यावा आणि पाठीला पाठ लावून भोकं जुळतात का ते पैसे देण्याआधी दुकानातच तपासावं.