वकीलच म्हणतो, मी कोर्टात येणार नाही

कोलॅबरेटिव्ह डिव्होर्स, म्हणजे कोर्टात न भांडता दोघांनी आपापल्या वकिलांसोबत बसून घटस्फोट ठरवायचा, ही पद्धत नेमकी आली कुठून हे बघायचं तर थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत पूर्वी बहुतेक ठिकाणी घटस्फोट हवा असेल तर व्यभिचार, छळ असा काहीतरी दोष सिद्ध करावा लागायचा, दोघं राजी असले तरी एकाला दोषी ठरवल्याशिवाय सुटका नाही, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये तर लोक हॉटेलात ठरवून व्यभिचाराचे फोटो काढून घ्यायचे! १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाने दोष न दाखवता घटस्फोट द्यायचा कायदा केला, हळूहळू बाकीची राज्यं आली (न्यूयॉर्क एकदम २०१० मध्ये).

पण भांडण काही थांबलं नाही. मुलं कोणाकडे, घर कोणाला, पोटगी किती यावर तीच ओढाताण. सत्तरच्या दशकात अटलांटाचे वकील ओ. जे. कूगलर वगैरेंनी घटस्फोटात मेडिएशन, म्हणजे मध्यस्थासमोर बसून तडजोड, आणलं, चांगलंच होतं, फक्त मध्यस्थ पडला तटस्थ, त्यामुळे दोघांत जो दबून असतो त्याच्या बाजूने बोलायला तिथे कोणी नसायचं.

मग १९९० मध्ये मिनियापोलिसचे फॅमिली लॉयर स्टू वेब, कोर्टबाजीला वैतागलेले, त्यांनी ठरवलं की यापुढे फक्त तडजोडीच्या केस घ्यायच्या, बोलणी फिसकटली तर केस सोडायची. खरी मेख इथेच आहे. दोन्ही बाजूंना आपापला वकील असतो, पण आधीच लेखी करार होतो की प्रकरण कोर्टात गेलं तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचं, म्हणजे 'कोर्टात बघून घेईन' म्हणणाऱ्याला आधी नवीन वकील शोधावा लागतो, आणि वकिलालाही भांडण वाढवून काहीच मिळत नाही. मला तरी सगळ्या पद्धतीत हीच अट सगळ्यात हुशार वाटते.

पुढे कॅलिफोर्नियात सायकॉलॉजिस्ट, मुलांचे तज्ज्ञ, पैशांचा हिशोब बघणारा तटस्थ माणूस असे लोकही टीममध्ये आले. २००१ मध्ये टेक्सासने यावर कायदा केला. वकिलांमध्ये मात्र वाद होताच, अशिलाला मध्येच सोडायचं हे नीतीत बसतं का? २००७ मध्ये कोलोरॅडोच्या बार असोसिएशनने (वकिलांच्या संघटनेने) नाही म्हटलं आणि त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने अशिलाला सगळं नीट समजावून त्याची संमती घेतली तर चालेल असं सांगितलं, मग २००९ मध्ये राज्यांसाठी नमुना कायदाही आला.

आक्षेप अगदीच पोकळ नव्हता म्हणा, बोलणी फसली की नव्या वकिलाला पहिल्यापासून सगळं सांगा आणि फी पुन्हा भरा, आणि ज्याच्या खिशात पैसा कमी त्याला ते जास्त जड जातं.