आखाती नोट की हजची नोट?

श्रीवर्धन, खेड, रत्नागिरीकडच्या जुन्या पेट्यांमधून कधीमधी रिझर्व्ह बँकेची लाल नोट निघते. अशोकस्तंभ ओळखीचा, रंग मात्र परका. एकेकाळी आखातात चालवण्यासाठी आणि हज यात्रेकरूंसाठी अशा वेगळ्या भारतीय नोटा निघाल्या होत्या. घरात कुणी आखातात होतं, कुणी हजला गेलेलं. मग संग्रहात तिच्यापुढे अंदाजाने काहीतरी लिहिलं जातं. तसं होऊ नये, कारण नोट स्वतःच सांगते ती कुठली ते.

आधी नंबर बघा. नंबराच्या आधी 'झेड' असेल तर ती आखाती, 'एचए' असेल तर हजची. हजच्या नोटेवर रोमन लिपीत 'हज' असंही छापलेलं असतं. रंग त्यानंतर, आणि तोही किमतीसोबतच बघायचा. आखाती दहाची नोट लाल, शंभरची हिरवी. हजची दहाची निळी, शंभरची लाल. म्हणजे नुसतं 'लाल आहे' म्हणून काहीच ठरत नाही, सगळा घोळ इथेच होतो. पाचाची नारिंगी किंवा एकाची लाल निघाली तर प्रश्नच नाही, ती आखातीच; हजसाठी फक्त दहा आणि शंभरच्याच नोटा होत्या. सहीचा मात्र उपयोग नाही. दोन्हीकडच्या दहा आणि शंभरवर गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांचीच सही आहे.

विकत घेताना एक जपा. देशात चालणाऱ्या तेव्हाच्या जांभळ्या दहाच्या नोटेवर कुणी 'हज' असा शिक्का मारून दिला, तर ती हजची नोट होत नाही. खरी नोट मुळातच वेगळ्या रंगात छापलेली असते.

या नोटा काढाव्या लागल्या त्या सोन्यामुळे. आखातात तेव्हा आपलाच रुपया चालायचा. तिथून चोरट्या वाटेने सोनं इकडे यायचं, रुपये तिकडे जायचे आणि तिथल्या बँका ते परत करून आपल्याकडून पौंड मागायच्या. परकीय गंगाजळीला ही गळती परवडेना, म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. भारतात त्या चालत नसत. हजची नोट यात्रेकरूंसाठी. मोगल लाईनच्या बोटीने मुंबईहून जेद्दाला उतरायचं आणि तिथे ती देऊन रियाल घ्यायचे, एवढंच तिचं काम.

आखाती नोट मात्र पगारात, बाजारात फिरली, म्हणून घरच्या आठवणी तिच्याशी ताडून बघता येतात. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५ मध्ये. १९६६ च्या जूनमध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केल्यावर बाकीच्यांनीही तो सोडला. फक्त ओमानात तो १९७० पर्यंत टिकला. तेव्हा आजोबा १९६४ मध्ये कुवेतला गेले आणि ही नोट त्यांच्या तिथल्या पगारातली, असं घरी सांगत असतील, तर ती कुठून आली हे पुन्हा विचारायला हवं. मस्कतला असतील, तर जुळतं.