स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर: एक आंब्याचं, दुसरं सरासरीचं

स्टॅटिस्टिक्स नवीन शिकणारी पोरं सगळ्यात जास्त कुठे अडकतात असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे, हे दोन शब्द. दोन्हीत स्टँडर्ड, दोन्ही ± च्या पुढे लिहितात, आणि सूत्र पाठ असलं की मार्क पण मिळतात, त्यामुळे आपल्याला कळलेलं नाही हे पोरांच्या लक्षातच येत नाही. पुस्तकात प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी असं लिहिलेलं असतं, त्याने तर अजून काहीच उलगडत नाही.

आमच्या रत्नागिरीकडे बऱ्याच पोरांच्या घरी हापूसची कलमं, म्हणून मी सरळ आढीपासून सुरुवात करतो. समजा पेंढ्यात मोठी आढी लावलीय, आंब्याचं सरासरी वजन २५० ग्रॅम. पण प्रत्येक आंबा काय २५० चा नसतो, कुठला २१० भरतो, कुठला २९०. हा जो आंब्याआंब्यातला फरक, तो साधारण किती, ते सांगतं स्टँडर्ड डेव्हिएशन. समजा ते ३० ग्रॅम आहे. हा आढीचा गुण झाला, तुम्ही वजनकाटा आणा नाहीतर नका आणू, तो तिथे आहेच.

आता अख्खी आढी कोण मोजत बसणार, म्हणून तुम्ही न बघता इकडून तिकडून ९ आंबे उचलले आणि त्यांची सरासरी काढली, आली २४३. शेजारच्या पोरीने तिचे ९ उचलले, तिची आली २५८. चुकलं कोणाचंच नाही, हाताला आंबेच वेगळे लागले. या सरासऱ्या एकमेकींपासून किती हलतात ते स्टँडर्ड एरर. डेव्हिएशनला आंब्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं, ३० भागिले ३, म्हणजे १० ग्रॅम.

हे नुसतं फळ्यावर सांगून डोक्यात जात नाही, करूनच घ्यावं लागतं. प्रत्येकाने ९ आंबे उचलायचे, वजनं लिहायची, सरासरी वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, आंबे परत आढीत मिसळायचे, मग पुढच्याने. शेवटी फळ्यावर दोन आलेख काढायचे, एक सुट्या आंब्यांचा आणि एक चिठ्ठ्यांवरच्या सरासऱ्यांचा, आणि दोन्हीची मोजपट्टी एकच ठेवायची, हे फार महत्त्वाचं. पहिला ऐसपैस पसरतो, दुसरा २५० च्या आसपास दाटून बसतो. त्या वेळी पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, मला शिकवण्यातला तो क्षण खरंच फार आवडतो.

मग विचारायचं, जास्त आंबे मोजले तर काय कमी होईल? बरेच जण म्हणतात दोन्ही. नाही. ३६ मोजले तर एरर ५ वर येतो, १४४ मोजले तर अडीचवर, म्हणजे एरर निम्मा करायला मेहनत चौपट. डेव्हिएशन मात्र ३० च्या आसपासच राहतं, आपण जास्त मोजले म्हणून लहान आंबे मोठे होत नाहीत ना. आणि हो, सगळे आंबे आढीच्या वरूनच उचलले तर सूत्रातून आलेल्या एररवर विश्वास ठेवू नका, ते गणित सरमिसळ उचललेल्या आंब्यांचं आहे.

एक प्रश्न हुशार पोरं हमखास विचारतात, सर, आपण तर एकदाच उचलतो, मग सरासरी किती हलेल ते कळणार कसं? त्या ९ आंब्यांच्या आपापसातल्या फरकावरूनच अंदाज बांधायचा. पण ९ वरून काढलेलं डेव्हिएशन स्वतःच डळमळीत, म्हणून ९५ टक्के खात्रीची पट्टी, म्हणजे आपल्या सरासरीच्या दोन्ही बाजूंचा तो पल्ला ज्यात आढीची खरी सरासरी असावी, काढताना एररला २ ने न गुणता २.३१ ने गुणतात. हे छोट्या नमुन्याचं कोडं सोडवलं विल्यम गॉसेटने, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतला माणूस, १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने ते छापलं.

पेटीत लहानमोठे आंबे किती निघतील हे बघायचं तर डेव्हिएशन, बागेची सरासरी गेल्या वर्षीपेक्षा खरंच वाढली का हे बघायचं तर एरर.

धडा संपला की मी हा प्रश्न देतो: १०० आंबे मोजून कोणी २५० ± ३ लिहिलं, ३ हा एरर आहे, आणि आढीतून २८० चा आंबा निघाला, तर मोजण्यात गडबड आहे का? ज्याला कळलंय तो ३ ला १० ने गुणतो आणि म्हणतो, डेव्हिएशन ३० आहे, असे आंबे भरपूर निघणार.