दिनविशेष

दिनविशेष : एकाच तारखेला (क्वचित तिथीला) निरनिराळ्या सालांत घडलेल्या घटना, जन्म व मृत्यू एकाखाली एक मांडण्याची प्रथा. वृत्तपत्रे, दिनदर्शिका आणि शाळेचा परिपाठ यांत ती रुळलेली आहे. घटनांचा आपसांत संबंध असावा अशी अट नाही. नसला तर वाचायला अधिक मजा येते.

तारीख की तिथी, हा यातला खरा वाद आणि त्याचे उत्तम उदाहरण नागपूर. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना २७ सप्टेंबर १९२५ ची, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. तारखांत सतरा दिवसांचे अंतर. तिथी मात्र एकच, विजयादशमी. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने दरवर्षी अकराएक दिवस मागे पडते, अधिक मास घालून ते पुन्हा ओढून आणले जाते आणि तिथी-तारखेची मूळ जोडी साधारण १९ वर्षांनी जमते, तीही कधी एका दिवसाने हुकते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला. त्यामुळे दीक्षाभूमीवरचा सोहळा, संघाची शताब्दी आणि गांधी जयंती शहराने एकाच दिवशी पार पाडली. लालबहादूर शास्त्रींचा जन्मही त्याच तारखेचा (१९०४); पण त्यांच्या वाट्याला शेवटची ओळ येते, आणि ती दसऱ्याशिवायही दरवर्षीच.

शिवजयंतीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही एक परंपरा; फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही दुसरी. जेधे शकावलीच्या (जेधे घराण्याकडील सालवार नोंदींच्या) आधारे दुसरीकडे अभ्यासकांचा कल अधिक असून तो ग्राह्य वाटतो. शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मानली. मात्र ती जुन्या जुलियन गणनेची. आजच्या ग्रेगरियन गणनेने तो दिवस १ मार्च ठरतो. सुट्टी १९ लाच असते. इंग्रजी राज्यात ही नवी गणना आली तेव्हा २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या अकरा दिवसांना त्या राज्यापुरता दिनविशेषच नाही.

१ मे रोजी नागपुरात महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि वेगळ्या विदर्भाच्या कार्यकर्त्यांचा काळा दिवस असे तीन दिवस एकदम उगवतात. ऊन तिघांनाही सारखेच लागते.

शाळेतले रूप साधे : फळ्याचा वरचा कोपरा, रंगीत खडू, वर सुविचार, खाली दिनविशेष. कालची ओळ ओल्या फडक्याने अर्धवट पुसली की जुने साल नव्या नावापुढे राहून जाते आणि कुणीतरी जन्मापूर्वीच वारतो. २६ नोव्हेंबरला कोपरा संविधान दिनाचा (१९४९). सीताबर्डीची लढाईही याच तारखेला, १८१७ मध्ये, नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यात जुंपली. पण ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालल्याने, जागा न उरल्यास २७ ला लिहिता येते.